दुभाषकाची आवश्यकता नाही

आमच्या शाळेचे शिवण निदेशक फाटकाच्या आत बोलत नसत.

मुके नव्हते. उलट, रस्त्यापलीकडच्या मावशीच्या टपरीवर सकाळी साडेनऊपासून त्यांचं तोंड चालू असायचं. हट्टा गावी कुणाच्या लग्नात कोण रुसलं, हळद शिजवायच्या कढईवरून दोन भावांत काय झालं, ढग कुठून आले आणि न बरसता कुठं गेले. पावणेदहा झाले की कप खाली ठेवायचे, मोबाइल बिस्किटांच्या बरणीमागं सारायचे आणि रस्ता ओलांडायचे. फाटकात पाय पडला की वाक्य जिथं असेल तिथं तुटायचं. उरलेलं पाच वाजता, बाहेर आल्यावर. मावशी म्हणायची, "ह्या मानसाची एक गोष्ट पुरी ऐकायची म्हंजी मला दिवसभर दुकान उघडं ठेवावं लागतं."

शाळा बहिऱ्या मुलांची, निवासी. पुसेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून आहे. मी तिथं शिक्षक म्हणून लागलो आणि आज मुख्याध्यापक आहे. हे कसं झालं ते पुढं येईलच. येऊ नये असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात. मी त्या गैरसमजाला कधी हात लावला नाही.

नवीन असताना मी त्यांना टपरीवर विचारलं होतं, की आत बोलत काहून नाही तुम्ही. ते म्हणाले, "गुरुजी, धा मानसं बसलीत अन् त्यातली दोघं येकमेकाच्या कानात कुजबुजून राहिली, तर बाकीच्यायला कसं वाटंल? आपलं बोलणं लेकरायला तसं दिसतं. मला नाही जमत लेकरायच्या म्होरं कुजबुजणं."

या वागण्याचा संस्थेला एकदा फायदा झाला. तपासणीला नवे साहेब आले. शिवणवर्गात गेले, नाव विचारलं. निदेशकांनी फळ्यावर खडूनं नाव लिहून दाखवलं. साहेबांना भरून आलं. त्यांनी निदेशकांच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर तोडून "छा-न का-म" असं म्हटलं, आणि अहवालात शेरा लिहिला की संस्थेने एका कर्णबधिर बांधवास सेवेत सामावून घेतले आहे, ही बाब स्तुत्य आहे. आमच्या अध्यक्षांनी तो शेरा लॅमिनेट करून कार्यालयात लावला. मी हळूच म्हटलं, की साहेब, त्यांना ऐकू येतं. अध्यक्ष म्हणाले, आता काय खोडायचं, साहेबांचा अपमान होईल. पुढची काही वर्षं निदेशक कागदोपत्री बहिरे होते. त्यांना कळलं तेव्हा ते टपरीवर एवढंच म्हणाले, "राहू द्या गुरुजी. बढती झाली समजा."

त्यांचं दुसरं वेड फलकाचं. फलकावर शाळेच्या नावात 'मूकबधिर' असा शब्द होता. दर जूनमध्ये शाळा उघडली की त्यातल्या 'मूक'वर एक कागद चिकटलेला असायचा. शिपाई काढायचा, आठवड्यानं दुसरा कागद. कुणी विचारलं तर निदेशक रस्ता ओलांडून बाहेर जायचे, मागून विचारणारा यायचा, आणि मग उत्तर मिळायचं: "मुकं कोन हाय हितं? लेकरं तर दिवसभर बडबड करून राहिलीत. तुमाला ऐकू येत न्हाई तर ती मुकी व्हय?"

गणवेश तेच शिवायचे. गडद निळा, छातीवर खिसा नाही, चौकटी नाहीत, रेघा नाहीत. अध्यक्षांनी एकदा छातीवर संस्थेचं बोधचिन्ह घ्यायला सांगितलं. त्यांनी ते पाठीवर घेतलं. समोर घेतलं असतं तर हात हलताना डोळा चिन्हावर जातो, असं त्यांचं म्हणणं. आमची मुलं त्यामुळं पाठमोरी संस्थेची असायची आणि समोरून स्वतःची.

आता माझ्याबद्दल. मी वाचा-शिक्षणाचा माणूस. आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं असं, की बहिऱ्या मुलाला बोलतं करायचं. आरसा समोर धरायचा, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, ओठांपुढं कागदाची पट्टी धरून 'प' म्हणवून घ्यायचं. आणि खुणा करू द्यायच्या नाहीत, कारण खुणा आल्या की मूल बोलायचा आळस करतं. सुरुवातीची काही वर्षं मी मुलांना हात मांडीखाली घालून बसवायचो. चिमुकली पोरं, दोन्ही हातांवर बसलेली, माझ्या तोंडाकडं बघत 'प, प, प' करायची. हे मी प्रेमानं करायचो. तेच जास्त वाईट.

पण संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर वह्या तपासत बसलो की समोर मुलांचे हात मोकळे असायचे. सात-आठ वर्षं रोज बघितल्यावर माणसाला काय येणार नाही? मला सगळं कळू लागलं. कुणाची चड्डी चोरीला गेली, स्वयंपाकीण कुणाला जास्त भाकरी देते, माझी चाल कशी आहे. चालीची नक्कल फार चांगली व्हायची. मी मान वर करायचो नाही. वाचा-शिक्षकाला खुणा येणं म्हणजे एकादशीच्या दिवशी मिशीला भाताचं शीत असणं. मला खुणा येतात हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं, अशी माझी समजूत होती.

निदेशक खुणा कुठं शिकले? घरी. त्यांची थोरली बहीण जन्माची बहिरी. गोठ्यात, चुलीपुढं, तिच्याशी बोलत हे वाढले. आणि त्याच गोठ्यात, दहा वर्षांचे असताना, त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कडबाकुट्टीत गेली. अगदी मुळापासून. शिवणकामाला करंगळी लागत नाही, म्हणून तिच्याकडं कुणाचं कधी लक्ष गेलं नाही. त्यांचंही नाही.

मग भागीदारी आली.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला बहिऱ्या मुलांसाठी यंत्र करायचं होतं. पुण्याच्या एका कंपनीला ते यंत्र टॅबलेटात बसवायचं होतं. मुंबईच्या एका ट्रस्टला ते कुणा गरिबाला द्यायचं होतं. आणि आमच्या संस्थेला ते घ्यायचं होतं. असे चार भागीदार. कॅमेऱ्यापुढं मुलानं खूण केली की टॅबलेट मराठीत बोलणार, आणि शिक्षक बोलले की टॅबलेटातली एक बाहुली खुणा करून दाखवणार. करारावर चार सह्या झाल्या. मुलं पाचवी भागीदार होती, पण त्यांची सही चालत नव्हती.

पुण्याहून मॅडम आल्या. पोरगीच होती, तिशीच्या आतली, मन लावून काम करणारी. तिच्याबद्दल मला आजही वाईट लिहिता येत नाही. तिनं विचारलं, खुणा सगळ्यात चांगल्या कुणाला येतात? मुलांनी शिवणवर्गाकडं बोट केलं. गडद, साधा कपडा घालायला सांगायला ती तोंड उघडणार, तोवर निदेशक तसाच सदरा घालून उभे. मॅडम हरखल्या.

दोन महिने कॅमेरा शिवणवर्गात उभा होता. निदेशक रोज शब्दांच्या यादीप्रमाणे खुणा करायचे. आणि पाच वाजता टपरीवर यादीची हजेरी घ्यायचे. "लिफ्ट दोन बारी हाय तिच्यात. विमानतळ हाय. हळद न्हाई. वखर न्हाई. तांडा न्हाई. निम्मी लेकरं तांड्यावरची, त्यायनं घर कुठं हाय म्हनून विचारलं तर विमानतळावर सांगावं काय?" मॅडमनी ते ऐकलं आणि हे सगळे शब्द घातले. हळद शिजवण्याची खूण घेताना कॅमेऱ्यावर वाफ येतेय असं वाटलं मला. यादीत 'भागीदारी' असाही शब्द होता. निदेशकांनी तोंडावरची माशी न उडू देता एक खूण केली, आणि मागं उभी असलेली मुलं भिंतीला टेकून हसली. त्या खुणेचा अर्थ असा, की एक जण औत हाकतो आणि दुसरा बांधावर बसून बैलांना नावं ठेवतो. ती तशीच यंत्रात गेली. मला कळलं होतं. मी वहीत बघत राहिलो.

पहिल्या चाचणीत यंत्र निदेशकांची जवळजवळ प्रत्येक खूण ओळखायला लागलं. टाळ्या झाल्या. मग पुण्याच्या इंजिनिअरनं स्वतः खुणा करून बघितल्या, तर टॅबलेटमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया खूण पुन्हा करा." त्यानं पुन्हा केली. बाईनं पुन्हा तेच म्हटलं. अर्धा दिवस त्यांनी प्रकाश बदलला, कॅमेरा बदलला. शेवटी मॅडमचंच लक्ष गेलं. यंत्र चार बोटांचा हात शिकलं होतं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग त्यांनी मुलांना कॅमेऱ्यापुढं उभं केलं, आणि यंत्रानं मुलांना मात्र ओळखलं. कारण आमची सगळी मुलं, पहिलीपासून दहावीपर्यंत, खुणा करताना उजवी करंगळी तळव्यात मुडपून ठेवत होती. गुरूचा हात तसा, म्हणून त्यांचा तसा. देशभर 'वाईट' म्हणायला करंगळी उभी करतात म्हणे. आमच्याकडं 'वाईट' म्हणजे मिटलेली मूठ आणि वाकडं तोंड. इतकी वर्षं कुणाला, मला सुद्धा, हे दिसलं नव्हतं. आम्ही सगळे त्या हातांची शाळा चालवत होतो आणि हात कुणी बघितले नव्हते.

मोठ्या शहरातून तज्ज्ञ बोलावले. ते म्हणाले, या अशुद्ध खुणा आहेत, यंत्रात प्रमाण खुणाच हव्यात. निदेशकांचं दोन महिन्यांचं चित्रण बाजूला काढलं गेलं, बाहेरून तयार खुणा आणल्या, आणि मुलांच्या सवयी सुधारून घ्या असं आम्हाला लेखी आलं.

मला वाटलं, निदेशक चिडतील. ते त्या दिवशी टपरीवर गप्प बसले. मावशी घाबरली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझं बोट कडबाकुट्टीत गेलं, गुरुजी. लेकरायचं माझ्यात गेलं."

दुसऱ्या दिवशी ते एक बोट शिवून घेऊन आले. अस्तराचं कापड, आत दाबून भरलेला कापूस, नखाच्या जागी शर्टाचं छोटं बटण. मनगटाला नाडीनं बांधायचं. ते बांधून ते वर्गावर उभे राहिले आणि करंगळी उघडून खुणा कशा करायच्या ते शिकवू लागले. बोट वळत नव्हतं. 'पाणी' म्हणायला गेले तर ते नाकात जायचं. मुलं लोळून हसत होती, आणि ते पुन्हा पुन्हा, घाम पुसत, तीच खूण करत होते. आठ दिवस. नवव्या दिवशी एका छोट्या पोरीनं ते बोट मागून घेतलं आणि आपल्या बाहुलीला बांधलं. तिथं तो प्रयोग संपला.

त्या वर्षी शीतल दहावी झाली. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची, बापाची एकुलती मुलगी. गुण इतके चांगले, की अध्यक्षांनी पेढे वाटले. तिला पुढं शिकायचं होतं, साध्या कॉलेजात, ऐकू येणाऱ्या मुलांत. तालुक्याच्या गावचं कॉलेज तयार होतं, फक्त वर्गात बोललेलं तिला समजावणारा माणूस हवा, म्हणजे दुभाषक. निदेशकांनी अर्ज केला, की आठवड्यातले चार दिवस मला तिथं पाठवा, बाकीचे दोन दिवस मी शिवण घेतो. अर्ज वरच्या कार्यालयात गेला. तिथून प्रश्न आला: सदर विद्यार्थिनीस दुभाषकाची आवश्यकता आहे काय? मुख्याध्यापकांनी अभिप्राय द्यावा.

मी तेव्हा प्रभारी मुख्याध्यापक होतो. चौथ्या वर्षी प्रभारी.

अध्यक्षांनी मला धमकावलं असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "बघा सर, ट्रस्टवाल्यांना पहिली मुलगी कॉलेजात टॅबलेट घेऊन जाताना बघायचीय. आता आपणच माणूस मागितला तर त्यांनी टॅबलेट कशाला दिला, असं होतं. तुमचं कायम व्हायचं पण घेऊच या जूनमध्ये. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही हं." मग त्यांनी मला केळं सोलून दिलं. मी ते खाल्लं.

टॅबलेट काय करू शकतो ते मला माहीत होतं. चार दिवस आधी मी शीतलला शिवणवर्गात बसवून तो चालवून बघितला होता. तिनं एक साधं वाक्य केलं, की मला हा धडा परत समजावून सांगा. बाई म्हणाली, कृपया खूण पुन्हा करा. शीतलनं पुन्हा केली. करंगळी उघडायचा ती प्रयत्न करत होती, पण भरात आली की बोट आपोआप मिटायचं. अकरा वेळा. मग ती माझ्याकडं वळली आणि निर्विकार चेहऱ्यानं खुणेनं म्हणाली, "ही बाई बहिरी आहे काय?" मला हसू आलं. मी ते गिळलं, कारण मला खुणा येत नव्हत्या.

आणि मी अभिप्राय लिहिला. 'सदर विद्यार्थिनीस अद्ययावत तंत्रज्ञान उपलब्ध करून दिलेले असल्याने दुभाषकाची आवश्यकता नाही.' अक्षर चांगलं आलं होतं. प्रत निदेशकांना गेली, कारण अर्ज त्यांचा होता. त्यांनी पोच म्हणून सही केली आणि आपल्या वर्गात गेले. जूनमध्ये माझ्या पदापुढचा 'प्रभारी' निघाला.

कॉलेजच्या पहिल्या दिवसाचं चित्रीकरण झालं. शीतल टॅबलेट छातीशी धरून पायऱ्या चढते आणि वर पोचल्यावर वळून हसते. ते अजून दाखवतात म्हणे, ठिकठिकाणी.

पुढचं मला नंतर कळलं. वर्गात शिकवणारे फळ्याकडं तोंड करून बोलत, बाहुली मागं पडत जाई, आणि एक खूण संपेपर्यंत पान उलटलेलं असे. शीतलनं काही विचारायला हात वर केला, की साठ पोरांच्या शांततेत ती गोड बाई म्हणायची, कृपया खूण पुन्हा करा. पोरांना ते फार आवडलं. तिचं नावच पडलं, 'पुन्हा करा'. ती जिन्यातून चालली की मागून ते ऐकू यायचं. म्हणजे तिला नाही. पण तिला हसरी तोंडं दिसायची, आणि तिच्या सगळ्या आयुष्यात तोंडं वाचण्याशिवाय आम्ही तिला शिकवलं काय होतं?

दिवाळीच्या आधी तिचा बाप शाळेत आला. सकाळची वेळ, मी टेबलाशी, निदेशक गणवेशांची मापं दाखवायला आत आलेले. बापानं पिशवीतून टॅबलेट काढला. तो धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला होता, चार्जरची वायर नीट वळून रबर लावलेली.

"गुरुजी, हे परत घ्या. पोरगी आता जात न्हाई."

मी विचारलं, का?

"मशीन चांगली हाय. मशीनला मी नाव ठेवत न्हाई. आमच्याच पोरीला जमलं न्हाई. लई मोठी मानसं आल्ती तिच्यासाठी, शूटिंग केलं, अन् तिनं अशी माती केली. तुमी राग धरू नका तिचा." तो हात जोडूनच बोलत होता. "म्या घरी लई बोललो तिला. आता ती हातबी हालवत न्हाई. बसून ऱ्हाती."

मी टॅबलेट घेतला. बरं, म्हणालो.

तेव्हा निदेशकांनी माझ्यापुढं येऊन खुणा केल्या. सावकाश, स्पष्ट, लहान मुलाला कराव्या तशा. "सांगा त्याला. पोरीची चूक नाही. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगा."

एक अक्षर न सुटता मला कळलं. इतकी वर्षं त्यांनी माझ्याकडून कधी कसली अपेक्षा धरली नव्हती. त्यांनी कधी माझ्याशी खुणांनी बोलायचा प्रयत्नही केला नव्हता. आज सरळ केल्या, म्हणजे मला खुणा येतात हे त्यांना माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. आणि त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, माझी लाज राखावी तसं.

मी म्हणालो, "निदेशक, काय म्हणताय ते मला काही कळत नाही. लिहून द्या."

बाप आमच्या दोघांकडं बघत होता. निदेशकांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी तो आजवर पुरवून वापरला असता. ते फक्त थोडा वेळ बघत राहिले, खूण चुकलेल्या मुलाकडं बघावं तसे. अजून एकदा करील म्हणून वाट बघत. मी पुन्हा केली नाही. त्यांनी बापाच्या कोपराला धरलं आणि त्याला फाटकाबाहेर नेलं.

खिडकीतून टपरी दिसते. त्यांनी बापापुढं आपला उजवा हात पसरून धरलेला मला दिसला. काय बोलले ते संध्याकाळी मावशीनं सांगितलं, तिला वाटलं मला माहीतच असेल. "पाव्हणं, पोरीचं काईच चुकलं न्हाई. ती माझ्याकून शिकली अन् माझ्याजवळ बोटच न्हाई. मशीनला पाच लागतेत. चूक माझी. तिला घरी जाऊन हे दाखवा, मी म्हनलो म्हनून सांगा." माझ्या कागदाचं नाव नाही. बाप म्हणाला, मग आता कसं? तर हे म्हणाले, "आता मी येतो तांड्यावर."

आणि गेले. दर मंगळवारी आणि शनिवारी, शाळा सुटल्यावर, जुन्या स्कूटरवर. मध्ये निवृत्त झाले तरी जात राहिले. शीतलनं बाहेरून परीक्षा द्यायची ठरवली, कला शाखा. शिकवणारा माणूस स्वतः दहावी आणि शिवणाचा डिप्लोमा. मग ते अकरावीचा भूगोल टपरीवर बसून मोठ्यानं वाचायचे, स्वतःला समजेपर्यंत. मावशीला आता सवाना गवताळ प्रदेश पाठ आहे. एकदा तिनं मला विचारलं, सर, तिकडल्या झाडायची पानं गळायचं कारन काय लिहायचं? शीतलपुढं ते तांड्यावरही बोलत नसत, म्हणून अर्धा तांडा त्यांना बहिराच समजायचा आणि त्यांच्यापुढं बिनधास्त त्यांची चेष्टा करायचा. ते ती ऐकून, परतीच्या रस्त्यावर पुसेगावात कुणाला तरी रंगवून सांगायचे.

मधल्या काळात पुण्याच्या मॅडमचा फोन आला होता. कंपनी सोडली म्हणाल्या, सहज आठवण झाली, शीतल कशी आहे? मी म्हणालो, उत्तम.

माझं शाळेत चांगलं चाललं होतं. फलक नवा झाला, त्यावर 'कर्णबधिर' असं आलं, शासनाचंच तसं पत्र होतं. निदेशकांना हे सांगायला मी टपरीवर गेलो नाही. ते दिसले की मी गाडी आतल्या बाजूनं काढायचो.

मागच्या महिन्यात शीतल आली. एकटी. मी तिला पायऱ्यांवर ओळखलं नाही. उंच झालीय, केस बांधून घेतलेले, हातात प्लॅस्टिकची फाइल. कारकून माझ्या समोरच बसलेला होता. तिनं फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला, आणि त्याच्याशेजारी दुसरा. पहिला होता बारावीच्या परीक्षेला दुभाषक मिळावा म्हणून तिनं केलेला अर्ज. दुसरा होता माझा अभिप्राय. कार्यालयानं कळवलं होतं, की आपल्याच पूर्वीच्या शाळेने आवश्यकता नाही असे प्रमाणित केलेले असल्याने, नवीन प्रमाणपत्राशिवाय विचार करता येणार नाही.

कारकुनानं दोन्ही वाचले आणि तो मला मदत करायला पुढं सरसावला. चांगला मुलगा आहे. "सर, सोपंय. 'सदर अभिप्राय अनवधानाने देण्यात आला होता' असं टाकू. सगळे तसंच टाकत्यात."

शीतल माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. हातांकडं बघत होती. मी ते टेबलाखाली घेतलेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिनं खुणेनं म्हटलं, "शिवणाच्या सरांनी सांगितलंय, तुम्हाला सगळं समजतं. तुमच्याशी हातांनीच बोल म्हणाले. ते बाहेर थांबलेत. आत येत नाही म्हणाले, तू एकटी जा."

मी टाइप करायला सांगितलं नाही. कोरा कागद घेतला आणि हातानं लिहिलं, की सदर विद्यार्थिनीस दुभाषकाची नितांत आवश्यकता आहे, तेव्हाही होती, आणि आधीचा अभिप्राय मी जाणूनबुजून चुकीचा दिला होता. कारकून उलट्या बाजूनं वाचत होता. तो म्हणाला, सर, असं नका लिहू, चौकशी लागंल. मी म्हणालो, लागू दे. आवाज काही फार ठाम नव्हता. सही केली आणि कागद तिच्याकडं सरकवला.

तिनं तो बोट फिरवत वाचला, आणि बोट एका शब्दावर थांबलं. 'जाणूनबुजून' तिला माहीत नव्हता. आमच्या मुलांना अशा शब्दांची पंचाईत असते. आंबा दाखवता येतो, हे दाखवता येत नाही. तिनं भुवया वर केल्या. याचा अर्थ काय?

कारकून बसलेला होता. दारात शिपाई होता. मी हात टेबलावर घेतले. इतकी वर्षं फक्त बघितलेलं. करायला गेलो तर बोटं दुसऱ्याची असल्यासारखी. तिला मी सांगितलं: ते यंत्र तुझं समजत नव्हतं. मी बघितलं होतं. अकरा वेळा. मला माहीत होतं, तुला माणूस लागेल. तरी मी 'आवश्यकता नाही' असं लिहिलं. मला ही खुर्ची हवी होती. तुझे बाबा आले तेव्हाही मला माहीत होतं. मी गप्प बसलो. तुझी चूक नव्हती.

मध्ये दोनदा तिनं हातानं थांबवून पुन्हा करायला लावलं. माझी खूण नीट नव्हती.

मी वाट बघत होतो. कशाची, ते सांगता येत नाही. तिनं कागद उचलला, पुन्हा वरून खालपर्यंत बघितला, माझ्यापुढं ठेवला आणि सहीखालच्या रिकाम्या जागेवर बोट आपटलं. शिक्का राहिला होता.